संध्याकाळी वेबसाइट उघडत नाहीत, व्हॉट्सॲप मात्र चालतं: डीएनएसचा घोळ कसा शोधायचा?

करवीरकन्या

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात घरी केबलवाल्याकडून फायबर घेतलंय, १०० एमबीपीएसचा प्लॅन. दिवसभर काही तक्रार नसते. संध्याकाळी सातच्या सुमारास मात्र वेबसाइट उघडेनाशा होतात. गोल चक्र फिरत राहतं आणि मग 'सर्व्हरचा डीएनएस पत्ता सापडला नाही' असा संदेश येतो. चार वेळा रिफ्रेश केलं की एकदा उघडते. साडेदहा-अकरानंतर आपोआप सुरळीत.

चमत्कारिक भाग असा की त्याच वेळी व्हॉट्सॲपवर मेसेज जात-येत असतात. यूट्यूबवर आधीच लावलेला व्हिडिओ न अडकता शेवटपर्यंत चालतो, दुसरं ॲप उघडायला गेलं की अडतं. ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) सातच्या आधी जोडून ठेवलं तर त्या लॅपटॉपवर रात्रभर काहीच त्रास नाही. सातनंतर जोडायला गेले तर ते जोडलंच जात नाही.

तक्रार नोंदवली की सकाळी माणूस येतो, स्पीड टेस्ट लावतो, आकडा ९० च्या वर दाखवतो आणि 'लाइन ओके आहे ताई' म्हणून निघून जातो. डब्यावरचे दिवे हिरवेच असतात, लाल दिवा कधी लागत नाही. राऊटर बंद-चालू केला की थोडा वेळ बरं वाटतं, पुन्हा तेच.

संध्याकाळी माझ्या परदेशातल्या टीमबरोबर मीटिंग असतात, त्यामुळे हे मनावर घ्यावंच लागणार आहे. कुठून सुरुवात करू?

सह्याद्रीचा_वारा

आमच्याकडेही डिट्टो. साताऱ्यात. मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून वेळ मारून नेतो. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

खटपट्या

करवीरकन्या, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं काम तिथेच झालंय. व्हीपीएनची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. व्हीपीएन जोडलं की नावांचे पत्ते शोधायचं काम सहसा ऑफिसचा डीएनएस सर्व्हर करतो, घरचा नाही. म्हणजे तुमची तार, प्रकाश, डबा, वायफाय सगळं ठणठणीत आहे. अडतंय ते साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता मिळण्याच्या टप्प्यावर, म्हणजेच डीएनएसवर. व्हॉट्सॲपचंही तेच: जुळलेलं कनेक्शन ते धरून ठेवतं, पत्ता पुन्हापुन्हा विचारत बसत नाही.

पण अंदाजावर सेटिंग बदलू नका. आधी सिद्ध करू. त्रास चालू असतानाच, म्हणजे संध्याकाळीच, हे करा. सकाळी केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही, तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचं नेमकं तिथेच चुकतंय.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. व्हीपीएन बंद ठेवा. (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, मी इथे देवनागरीत लिहितोय.)

पहिली: पिंग ८.८.८.८
इथे नाव नाहीच, थेट आकडी पत्ता आहे. उत्तर आलं तर लाइन जिवंत आहे.

दुसरी: एनएसलुकअप विकिपीडिया डॉट ऑर्ग
ही तुमच्या राऊटरला पत्ता विचारते.

तिसरी: तीच कमांड, शेवटी एक जागा सोडून ८.८.८.८
ही राऊटरला वगळून थेट गूगलच्या डीएनएस सर्व्हरला विचारते.

तिन्हींचं उत्तर जसंच्या तसं इथे टाका.

दर्यावर्दी

खटपट्या सांगतायत ते योग्यच. वाचणाऱ्या नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न पडत नाहीत.

इंटरनेटवरचं प्रत्येक यंत्र आकडी पत्त्याने ओळखलं जातं. नावं आपल्या सोयीसाठी. सुरुवातीच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असायचे, कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रात ती सांभाळली जायची आणि सगळे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तसं ते झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि यादी एका जागी ठेवण्याऐवजी वाटून टाकली. सर्वांत वर रूट सर्व्हर, ए ते एम अशा १३ नावांचे. त्यांच्या खाली डॉट कॉम, डॉट ओआरजी, डॉट इन सांभाळणारे. त्यांच्या खाली प्रत्येक साइटचे स्वतःचे.

तुमचा फोन ही सगळी उतरंड स्वतः पालथी घालत नाही. तो एकालाच विचारतो, आणि हा 'एक' बहुतेक घरांत इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर असतो. परगावी एसटी स्टँडवर उतरल्यावर आपण टपरीवाल्याला पत्ता विचारतो ना, तसं. रस्ता मोकळा आहे, रिक्षा तयार आहे, पण टपरीवर इतकी गर्दी की तो तुमच्याकडे बघतच नाही. तुम्ही स्टँडवरच उभे.

संध्याकाळी सात ते अकरा हीच वेळ का, तर गल्लीतली सगळी घरं तेव्हा एकदम नेट वापरतात. लहान पुरवठादाराने डीएनएससाठी एकच बेताचं यंत्र ठेवलं असेल तर ते तेव्हाच धापा टाकणार. हा माझा तर्क आहे, खटपट्यांची तिसरी कमांड तो खरा की खोटा ते दाखवेल.

एक मात्र लक्षात असू द्या: कधीकधी दोष पलीकडच्या टोकाला असतो. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही एकदम गेले. त्यांच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जायचे मार्गच इंटरनेटवरून पुसले गेले होते. जवळजवळ सहा तास जगात कोणालाही पत्ता मिळत नव्हता. अशा वेळी घरात कितीही डीएनएस बदला, उपयोग शून्य. म्हणून एकच साइट उघडत नसेल तर आधी ओळखीच्या कोणाला त्यांच्याकडे उघडते का ते विचारा.

करवीरकन्या

आत्ता साडेसात वाजलेत, ताजं ताजं टाकते.

पिंगला चारही उत्तरं आली, १८-२० मिलिसेकंद.

दुसऱ्या कमांडला: सर्व्हरच्या ओळीत १९२.१६८.१.१ दिसतं, खाली 'डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट, टाइमआउट वॉज २ सेकंड्स' हीच ओळ पुन्हापुन्हा. पत्ता मिळालाच नाही.

तिसऱ्या कमांडला पापणी लवायच्या आत पत्ता आला.

दर्यावर्दी, समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं.

खटपट्या

उत्तम. लाइन निर्दोष, हे आता कागदावर आहे. पण थांबा, अजून एक फाटा उरलाय. १९२.१६८.१.१ हा तुमचा राऊटर आहे. तो स्वतः काही शोधत नाही, तुमचा प्रश्न वर कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि उत्तर खाली आणतो. मग अडखळतंय कोण, राऊटर की कंपनीचा सर्व्हर? स्वस्त राऊटर घरातली यंत्रं वाढली की या कामात गळपटतात, हे मी पाहिलंय. आणि राऊटर रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ बरं वाटतं असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे ही शंका फेडून घ्यायलाच हवी.

राऊटरच्या पानावर लॉगिन करा, स्टेटसमध्ये 'वॅन' म्हणून जे असतं (बाहेरच्या जोडणीचा तपशील) तिथे प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस असे दोन पत्ते दिसतील. तिसरी कमांड पुन्हा द्या, ८.८.८.८ च्या जागी त्यातला पहिला, मग दुसरा. त्यांनी पटकन उत्तर दिलं तर दोष राऊटरचा. तेही गप्प बसले तर दोष कंपनीचा.

शिवाय एक चाचणी जी फार कमी लोक करतात. शेवटी १९२.०.२.१ घालून विचारा. हा पत्ता फक्त कागदोपत्री उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे जगात कुठेही सर्व्हर नाही. उत्तर येताच कामा नये. आलं, तर समजायचं की कंपनी पोर्ट ५३ वरचे, म्हणजे साध्या डीएनएसच्या ठरलेल्या वाटेवरचे, सगळे प्रश्न मध्येच अडवून स्वतःच उत्तर देतेय. तसं असेल तर राऊटरमध्ये कोणाचाही पत्ता टाका, फरक पडणार नाही, एन्क्रिप्टेड डीएनएसकडे (मधल्या कोणाला प्रश्न वाचता येत नाही असा) जावं लागेल.

करवीरकन्या

केलं. कंपनीचे दोन्ही पत्ते टाइम्ड आउट. १९२.०.२.१ पण टाइम्ड आउट, म्हणजे मध्ये कोणी अडवत नाहीये, बरोबर ना?

आता ८.८.८.८ टाकू का राऊटरमध्ये?

खटपट्या

बरोबर. आणि हो, टाका.

माजघर

टाकण्याआधी दोन शब्द. 'डीएनएस बदला, नेट सुसाट होईल' असे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यावर विसंबून हे करू नये. पत्ता मिळाला की डीएनएसचं काम संपतं, डाउनलोडचा वेग त्याने वाढत नाही. कंपनीचा डीएनएस नीट चालत असेल तर तोच ठेवणं कित्येकदा हिताचं असतं. मोठ्या व्हिडिओ सेवा आपल्या प्रती पुरवठादाराच्याच नेटवर्कमध्ये किंवा जवळच्या शहरात ठेवतात, आणि तुम्हाला कुठल्या प्रतीकडे पाठवायचं हे काही सेवा प्रश्न कोणत्या डीएनएसकडून आला त्यावरून ठरवतात. बाहेरचा डीएनएस वापरला की कधीकधी लांबच्या प्रतीकडे धाडलं जातं. करवीरकन्यांच्या बाबतीत कंपनीचा सर्व्हर उत्तरच देत नाही, त्यामुळे बदलणं रास्त आहे.

पर्याय तीन सांगतो. गूगलचा ८.८.८.८ आणि ८.८.४.४, २००९ पासून चालू आहे. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि १.०.०.१, हा २०१८ च्या १ एप्रिलला आला. क्वाडनाइनचा ९.९.९.९, हा फसव्या साइटचे पत्ते देतच नाही, घरात वडीलधारी माणसं फोन वापरत असतील तर मला हा आवडतो. गूगलचा सर्व्हर तुमचा ढोबळ नेटवर्क पत्ता पुढे कळवतो म्हणून जवळची प्रत मिळायची शक्यता जास्त, क्लाउडफ्लेअर खाजगीपणासाठी तो कळवत नाही. कशाला महत्त्व द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मात्र उद्या कोणाच्याही डीएनएसला अडचण येऊ शकते, म्हणून राऊटरमधले जुने पत्ते वहीत लिहून ठेवा.

करवीरकन्या

राऊटरमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकले, लॅपटॉपवर डीएनएसची साठवण पुसली, आणि लॅपटॉप संध्याकाळभर लोण्यासारखा चालला!

पण आईचा आणि माझा, दोन्ही अँड्रॉइड फोन अजून तसेच अडतात. बाबांचा जुना फोन मात्र छान चालतोय. एकाच वायफायवर असं का?

दर्यावर्दी

लॅपटॉपवर ऑफिसने आयपीव्ही६ (आकडी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) बंद ठेवलंय का बघा. माझी खात्री आहे की तसंच असणार.

करवीरकन्या

हो! खूण काढलेली आहे तिथे. आणि बाबांच्या फोनमध्ये वायफायच्या तपशिलात आयपीव्ही६ चा पत्ता दिसतच नाही. कसं ओळखलंत?

दर्यावर्दी

कारण इथे हमखास फसायला होतं. राऊटरमध्ये डीएनएसच्या जागा दोन असतात. तुम्ही भरलेली आयपीव्ही४ ची. पण कंपनी आयपीव्ही६ देत असेल तर राऊटर घरातल्या यंत्रांना एक वेगळा आयपीव्ही६ चा डीएनएस पत्ताही वाटतो, आणि तो अजून कंपनीचाच आहे. नवे फोन तोच वापरतायत.

आता एक बारकावा. बहुतेक राऊटरमध्ये आयपीव्ही६ साठी डीएचसीपीव्ही६ आणि आरए अशी दोन पानं असतात, घरातल्या यंत्रांना पत्ते कळवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ वरून डीएनएस घेत नाही, तो आरएमधूनच घेतो. त्यामुळे नुसतं डीएचसीपीव्ही६ चं पान भरलंत तर विंडोजचं यंत्र सुधारेल आणि फोन जसाच्या तसा राहील. दोन्हीकडे भरा. गूगलचा पत्ता २००१:४८६०:४८६०::८८८८, क्लाउडफ्लेअरचा २६०६:४७००:४७००::११११. मधल्या जोड विसर्गांची जागा चुकवू नका. नंतर फोनचं वायफाय बंद करून चालू करा म्हणजे नवा पत्ता घेईल.

काही जण यावर 'आयपीव्ही६ बंदच करून टाका' असा सल्ला देतात. मला तो मान्य नाही. आपल्याकडे आयपीव्ही४ चे पत्ते तुटपुंजे आहेत, शेकडो घरं एका पत्त्यामागे कोंबलेली असतात. आयपीव्ही६ चा मोकळा रस्ता मिळालाय तर तो बुजवू नये.

करवीरकन्या

आरएचं पान सापडलं, भरलं, दोन्ही फोन सुधारले. घरात आनंदीआनंद.

पण आता एक नवीनच. केबलवाल्याच्या पॅकबरोबर टीव्हीवर त्यांचं चॅनेलचं ॲप मिळतं, बाबा संध्याकाळच्या बातम्या त्यावरच बघतात. ते आजपासून 'नेटवर्क एरर' म्हणतंय. टीव्हीवर यूट्यूब मात्र चालतं.

सह्याद्रीचा_वारा

सोपं आहे. प्रायमरी ८.८.८.८ ठेवा आणि सेकंडरीला कंपनीचा टाका. पहिल्याला नाही सापडलं तर दुसऱ्याला विचारेल.

खटपट्या

सह्याद्रीचा_वारा, हा समज सर्वत्र आहे पण तसं होत नाही. सेकंडरी हा पहिला गप्प बसला तरच्या वेळेसाठी असतो. पहिल्याने 'असं नाव अस्तित्वात नाही' असं सांगितलं तर तेही पूर्ण उत्तरच. यंत्र तिथेच थांबतं, दुसऱ्याकडे जात नाही. शिवाय काही राऊटर दोघांना आलटून-पालटून किंवा एकदमच विचारतात, मग कधी चालेल कधी नाही, आणि असला अधूनमधून येणारा दोष शोधणं सगळ्यात जिकिरीचं.

करवीरकन्या, त्या ॲपच्या सर्व्हरचं नाव बहुधा कंपनीने फक्त स्वतःच्या डीएनएसमध्ये नोंदवलेलं आहे. बाहेरच्या जगाला ते माहीतच नाही. त्यामुळे फक्त टीव्हीला कंपनीचा डीएनएस द्या, बाकी घर आहे तसं राहू द्या.

अँड्रॉइड टीव्हीवर नेटवर्कमध्ये आपल्या वायफायवर जा, आयपी सेटिंग्ज 'स्टॅटिक' करा. टीव्हीसाठी पत्ता असा निवडा जो राऊटर आपणहून कोणाला वाटत नाही. डीएचसीपीच्या पानावर (राऊटर घरात पत्ते वाटतो त्याचं पान) १०० ते २०० वाटतोय असं दिसलं तर १९२.१६८.१.५० घ्या. गेटवे १९२.१६८.१.१, प्रीफिक्स लेंथ २४, आणि डीएनएस १ व २ मध्ये वहीत लिहिलेले कंपनीचे पत्ते. माजघर यांनी ते लिहून ठेवायला सांगितलं होतं ते इथे कामी आलं. संध्याकाळी टीव्हीला अडखळा येऊ शकतो, पण ॲप एकदा जोडलं गेलं की पत्ता फारसा विचारत नाही. सातच्या आधी लावून ठेवा.

रानजाई

विषय निघालाच आहे तर: राऊटरमध्ये लॉगिन केलंत तर त्याचा पासवर्डही लगेच बदला. कित्येक घरांत तो अजून ॲडमिन-ॲडमिन असतो. डीएनएसचा पत्ता ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुम्ही कुठे जाता हे सगळं. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने हेच केलं होतं. संगणकांचा आणि काही राऊटरांचा डीएनएस गुपचूप बदलून त्यामागची टोळी लोकांना आपल्या फायद्याच्या जाहिरातींकडे वळवायची. १०० हून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक त्यात सापडले. नोव्हेंबर २०११ मध्ये ही एस्टोनियातली टोळी पकडली गेली, तेव्हा ते खोटे सर्व्हर एकदम बंदही करता येईनात, कारण इतक्या लोकांचं नेट त्याच क्षणी गेलं असतं. त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

म्हणून स्टेटसमध्ये दिसणारा डीएनएसचा पत्ता ना कंपनीचा, ना तुम्ही भरलेला, असं आढळलं तर राऊटर फॅक्टरी रीसेट करा, आणि त्याआधी पीपीपीओईचं (राऊटर कंपनीशी जोडला जाताना लागणारं) युजरनेम-पासवर्ड केबलवाल्याकडून घेऊन ठेवा.

गावठाण

माझं उलट आहे. घरी सगळ्यांचं चालतं, फक्त माझ्या फोनवर 'खाजगी डीएनएस सर्व्हर ॲक्सेस करू शकत नाही' येतं. मोबाइल डेटावर ठीक. भाच्याने जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून काहीतरी भरून दिलं होतं.

माजघर

ते अँड्रॉइड ९ पासून आलेलं खाजगी डीएनएस. नाव भरलेलं असलं की फोन फक्त त्याच सर्व्हरला, तेही एन्क्रिप्टेड, पोर्ट ८५३ वरून विचारतो. ते जमलं नाही तर साध्या डीएनएसकडे वळत नाही, सरळ हात वर करतो. तुमच्या वायफायवर ८५३ अडवलेलं असणार. सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, तिथे खाजगी डीएनएस, आणि ते 'ऑटोमॅटिक' करा. हॉटेल किंवा हॉस्पिटलच्या वायफायवर लॉगिनचं पान उघडत नसेल तर तेही बऱ्याचदा याच सेटिंगमुळे.

गावठाण

झालं! भाच्याला धागा पाठवतो.

करवीरकन्या

टीव्ही लागला, बाबांच्या बातम्या सुरू झाल्या.

शिवाय केबलवाल्याकडे नव्याने तक्रार दिली, पण या वेळी 'नेट चालत नाही' असं न लिहिता एनएसलुकअपच्या उत्तरांचे फोटो वेळेसकट जोडले आणि 'तुमचे दोन्ही डीएनएस सर्व्हर सात ते अकरा उत्तर देत नाहीत' एवढंच लिहिलं. पहिल्यांदाच माणूस न पाठवता त्यांच्या नेटवर्क विभागातून फोन आला. आमच्या भागातल्या आणखी घरांकडून तशाच तक्रारी आहेत म्हणाले, दोन्ही पत्ते कमांडसकट मागून घेतले. काल राऊटरला कंपनीकडून नवीन प्रायमरी डीएनएस मिळालेला दिसतोय. आज आठ वाजता त्याला विचारून बघितलं, लगेच उत्तर आलं. टीव्हीवरही तोच घातलाय. घराला सध्या आठवडाभर ८.८.८.८ च ठेवते, रोज संध्याकाळी कंपनीच्या नव्या पत्त्याला विचारून बघते आणि मग ठरवते.

सह्याद्रीचा_वारा, तुमच्या तिसऱ्या कमांडचं काय झालं?

सह्याद्रीचा_वारा

आज रात्री करतो. आमच्याकडे नऊला सुरू होतं.